पौष्टिक आहाराच्या प्रदर्शनाला माणूस येतो तरी कशासाठी?

चोपडा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंचा प्रश्न असा: "गेल्या हिवाळ्यात जळगावला पौष्टिक आहाराच्या प्रदर्शनात आम्ही चार दिवस स्टॉल लावला. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, नागलीचे म्हणजे नाचणीचे लाडू, नागलीचे पापड, बिबडे (ज्वारीचे पापड) असा माल होता. गर्दी इतकी की उभं राहायला जागा नाही. पण लोक चव घ्यायचे, चार प्रश्न विचारायचे आणि पुढे जायचे. भाडं आणि गाडीखर्च निघून हातात जेमतेम उरलं. विकत घ्यायचं नसतं तर लोक येतात तरी कशाला? यंदा पुन्हा जावं का?"

ताई, "चार प्रश्न विचारायचे" हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. माझ्या मते लोक त्या चार प्रश्नांसाठीच येतात.

मी जळगावात बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्यातली पंधरा-सोळा वर्षं हिवाळा आला की अशा प्रदर्शनांत सल्ल्याच्या टेबलावर बसते. जळगाव, धुळे, नंदुरबार, कधी भुसावळ, कधी शिरपूर. हे टेबल बहुतेक वेळा कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाजवळ असतं. तिथून येणारा दिसतो, जाणारा दिसतो, कोण कुठे थबकतो तेही दिसतं. त्या खुर्चीवर बसून जे पाहिलं तेच सांगते.

मागे अमळनेरकडचं एक शेतकरी जोडपं आलं होतं. बाबांच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी चार घड्या घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर सपाट केली. म्हणाले, "बाई, माले साखर शे. मी काय खाऊ?" चिठ्ठीवर गोळ्या होत्या आणि खाली एक ओळ: गोड बंद, गहू-भात कमी. डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर साठ पेशंट बसलेले असतात, एकेकाला दोन-तीन मिनिटांपलीकडे वेळ देता येत नाही. पण "कमी" म्हणजे किती आणि त्याच्या जागी काय, हे त्या दोन मिनिटांत राहून जातं. ते घेऊन माणूस घरी येतो, शेजारी विचारतो, मोबाइलवर पाहतो आणि आणखी गोंधळतो.

माझ्याकडे येण्याआधी बाबा सहा-सात स्टॉल फिरून आले होते. पिशवीत मिश्र धान्याचं पीठ होतं, जांभळाच्या बियांची पावडर होती, गुळाचे लाडू होते. प्रत्येक ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की हे साखरेला चालतं. मी विचारलं, रात्री घरी काय जेवता? म्हणाले, दादरची (म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीची) भाकर, वांग्याची नाहीतर मेथीची भाजी. भाकरी किती? "दोन." आजी शेजारून लगेच म्हणाल्या, "दोन नही, तीन." केवढी असते ते हातानं दाखवा म्हटलं, तर बाबांनी दोन्ही तळवे पसरून परातीएवढा गोल केला.

तिथून आमचं बोलणं खऱ्या अर्थानं सुरू झालं. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात पिष्टाचं प्रमाण जवळजवळ सारखंच असतं, कॅलरीही सारख्याच. भाकरीनं साखर वाढतच नाही हा गैरसमज आहे. ज्वारीत चोथा भरपूर, १०० ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे पोट लवकर भरतं, भूक उशिरा लागते. पण तीन मोठ्या भाकरी म्हणजे तीन मोठ्या भाकरीच. साधारण साठ ग्रॅम पिठाची मध्यम भाकर, आधी वाटीभर भाजी आणि घट्ट वरण, मग भाकर, असं मी आजींना वाटी दाखवून सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग भाकर चालस ना?"

ताई, ते गाडीभाडं खर्चून एवढ्यासाठी आले होते. घरात जे शिजतं ते खाल्लं तर चालेल का, हे कुणीतरी समोर बसून सांगावं एवढीच त्यांची गरज होती. पिशवीतली पावडर त्यांना नको होती. उत्तर मिळत नव्हतं म्हणून घेतलेली होती.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. तुमच्या स्टॉलपुढून दिवसाला हजार माणसं जात असतील, तर त्यात किती घरांत साखरेची गोळी चालू आहे याचा अंदाज तुम्हीच करा. दवाखान्यात फाइल लागते, नंबर लागतो, फी लागते आणि आत गेलं की माणूस पेशंट होतो. प्रदर्शनात तो गिऱ्हाईक म्हणून येतो. हातात पापडाचा तुकडा असतो, तो खाता खाता जे विचारायचं ते विचारता येतं. बायकांना तर हे फार सोपं जातं. "माझ्या बहिणीला पाळी जाताना असा त्रास होतो" असं म्हणत त्या स्वतःचं विचारून घेतात.

दुसरी मंडळी वेगळीच. सून आणि सासू, नाहीतर दोघी मैत्रिणी, वय पंचवीस ते चाळीस. यांना भाकरी खायची आहे, पण थापता येत नाही. याबद्दल कुणी त्यांना नावं ठेवू नयेत. त्यांच्या आयांनीच पोळीला मान दिला होता. आपल्याकडे पाहुणा आला की गव्हाची पोळी आणि घरच्यांना भाकरी, अशी वाटणी कितीतरी वर्षं होती. भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं. मुलीला चांगलं स्थळ मिळावं म्हणून पुरणाचे मांडे शिकवले, भाकरी काय कुणीही करतं म्हणून सोडून दिली. आता डॉक्टर भाकरी सांगतात आणि सांगितल्यावर सुनेच्या हातात पीठ मोडतं.

एका वर्षी धरणगावकडच्या एका गटानं प्रदर्शनात चूल मांडायची परवानगी काढली. एक मावशी कळण्याच्या भाकरी थापत बसली. कळणं सगळ्या खानदेशाला माहीत आहे, तरी प्रमाण सांगते, कारण लोक हेच विचारतात: चार वाट्या ज्वारी, एक वाटी सालासकट काळे उडीद, जाडं मीठ, सगळं एकत्र दळायचं. घरोघरी थोडा फरक असतो. मावशीनं कोमट पाण्याचा हबका मारला, तळहाताच्या टाचेनं पीठ रगडलं, पुन्हा पाणी, पुन्हा रगडणं. बराच वेळ ती नुसतं मळतच होती. मग गोळा परातीत ठेवून उजव्या हाताच्या बोटांनी थापायला लागली, डाव्या हातानं कड सावरत. पीठ फिरत होतं, भाकर वाढत होती, कड कुठे चिरत नव्हती. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला आणि पाणी सुकायच्या आत उलटली. भोवती तीस-चाळीस बायका एकही शब्द न बोलता उभ्या. एकीनं विचारलं, माझी चिरते, काय चुकतं? मावशीनं तिच्याकडे बघून विचारलं, पीठ कधीचं? ती म्हणाली, महिन्याचं. मावशी म्हणाली, मग तुझा हात चुकत नाही, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली.

त्या दिवशी त्या गटाचं कळण्याचं पीठ दुपारी तीनच्या आत संपलं. शेजारच्या दोन स्टॉलवर तेच पीठ होतं, त्याच भावात, आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच पडून होतं.

कळणं चांगलं का, हेही सांगता आलं पाहिजे. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा घटक कमी पडतो, उडदात तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की प्रथिनाचा दर्जा सुधारतो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे खाऊन-करून ठरवलं होतं. हे ऐकलं की बायकांचे चेहरे बदलतात. शिकायला आलेली बाई एकदम स्वतःच्या आजीबद्दल बोलायला लागते.

लोक येण्याचं तिसरं कारण इथेच आहे आणि ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. आपलं खाणं कमी प्रतीचं नव्हतं हे कुणीतरी मान्य करताना पाहायला लोक येतात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात भरडधान्यांसाठी 'श्री अन्न' हा शब्द आला आणि त्यानंतर आमच्याकडच्या प्रदर्शनांची गर्दी डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. बिबड्यांच्या स्टॉलपुढे थांबणारे पुरुष पाहा. मुंबई-पुण्याला नोकरी करून निवृत्तीनंतर परतलेला माणूस बिबडा हातात घेतो, वास घेतो आणि उन्हाळ्यात गच्चीवर खाटेवर पसरलेल्या धोतराच्या ओल्या फडक्याची गोष्ट सांगायला लागतो. ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून, तीळ-लसूण-तिखट घालून आई कशी थापायची ते सांगतो. तुम्ही लोकांना घाईनं पाकिटाकडे वळवता, असं मी पाहिलंय. त्याला बोलू द्या. त्याचं बोलणं झालं की तो चार पाकिटं घेतो आणि मुलीलाही पाठवतो.

प्रदर्शन म्हणजे पाहून शिकायची जागा, ही गोष्ट खानदेशाला नवीन नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा सोबत खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं. त्याआधी दोन वर्षं, १९३४ मध्ये, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला होता. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल यांचा आग्रह त्या संघानं धरला होता. आज आपण स्टॉलवर जे मांडतो त्यातलं बरंचसं तेच आहे.

लहान मुलांच्या आयांचं थोडक्यात सांगते. त्यांना डब्यात काय द्यायचं ते हवं असतं आणि मुलाला ते आवडेल की नाही हे घेण्याआधी कळायला हवं असतं. म्हणून त्या मुलालाच चव देतात. मुलानं तोंड वाकडं केलं की विषय संपला. नागलीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट, हे तुमच्या फलकावर जरूर लिहा. पण मुलासाठी नागलीचं छोटं गरम धिरडं तव्यावर हवं. नागलीची बिस्किटं घेणाऱ्या आयांना मी पाकीट उलटं करून वाचायला लावते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे. पहिलं नाव मैदा, दुसरं साखर, तिसरं पामतेल आणि नागली पाचव्या नंबरवर असेल, तर ते नागलीचं बिस्किट कसलं? एकदा पाकीट वाचायला शिकलेली आई पुढच्या स्टॉलवर आपणहून पाकीट उलटं करते.

बाकी संध्याकाळी मुलांना घेऊन फिरायला येणारे असतात, व्यायामशाळेत जाणारी पोरं प्रोटीन विचारत येतात, काही जण नुसत्या भरीत-भाकरीच्या ताटासाठी येतात. त्यांचंही स्वागतच आहे. भरिताच्या वासानं आत आलेला माणूस बाहेर पडायच्या आत एक तरी नवी गोष्ट पाहून जातो.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून त्रास होतो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका स्टॉलवर खजूर-गुळाचे लाडू होते आणि वर पाटी होती: साखरमुक्त, मधुमेहींसाठी खास. माझ्याच एका जुन्या पेशंटनं, सत्तरीच्या काकांनी, ते दोन किलो नेले. साखरमुक्त म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन खाल्ले. महिन्यानं रिपोर्ट घेऊन आले तेव्हा उपाशीपोटीची साखर इतकी वाढलेली होती की डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. काकांनी काही चोरून खाल्लं नव्हतं. त्यांनी पाटीवर विश्वास ठेवला होता. गूळ हा बहुतांशी साखरच असतो, कॅलरी थोड्याच कमी. जाहिरात आणि दाव्यांबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. 'साखरमुक्त' लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमच्या वर नको. 'तंतुमय पदार्थ भरपूर' म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये किमान ६ ग्रॅम हवेत. अमुक आजार बरा होतो, असं तर खाद्यपदार्थावर लिहिताच येत नाही. तुमच्या नागलीच्या लाडवात गूळ आहे, मग 'गुळाचे' असंच लिहा आणि साखर असणाऱ्यानं विचारलं तर सरळ सांगा, दादा, हा तुमच्यासाठी नाही, तुम्ही कळणं घ्या. मी पाहिलंय, असं सांगणाऱ्या बाईकडे तो माणूस पुढच्या वर्षी शोधत येतो.

आणखी एक सांगते. धडगाव-अक्कलकुव्याकडून बायका भगर, नागली, सुकवलेल्या रानभाज्या घेऊन येतात. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव असतो, तिथे तर विचारल्याशिवाय कुणी एक जुडीही घेत नाही. ही कोणती, कशी निवडायची, उकळून पाणी टाकायचं का? त्या बायका हातातलं काम थांबवून सांगतात. शहरातली माणसं त्यांच्या भगरीचं पोषणमूल्य माझ्याकडून ऐकतात आणि ती पिकवणारी बाई शेजारी उभी असते. एकदा मी अशाच एका ताईंना विचारलं, तुमच्या घरी आठवड्यातून किती वेळा करता ही? म्हणाल्या, सगळी विकायला आणली, घरी रेशनचा तांदूळ. त्या वर्षापासून मी माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्या बाईला आधी हिमोग्लोबिन कधी तपासलं ते विचारते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. तुमच्या गटातल्या बायकांनीही थोडी नागली घरी ठेवावी, भाजीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. लिंबानं लोह अंगी लागतं, चहा ते अडवतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. यंदा जावं का? जा. पण चार दिवस घेऊ नका. शनिवार-रविवार दोनच दिवस घ्या, गुरुवारी-शुक्रवारी दुपारी तुम्ही माश्या हाकलत बसला असाल. आयोजकांना आत्ताच विचारून ठेवा, शेगडी चालेल का? चालत असेल तर तुमच्यातली जी सगळ्यात चांगली भाकरी थापते तिला तव्यावर बसवा आणि हिशोबाला दुसरी ठेवा. थापणारीनं पैशाला हात लावू नये, ते बरं दिसत नाही आणि स्वच्छही नाही. एक-एक किलोची पाकिटं कमी करा. पाव किलोची करा, म्हणजे नवं माणूस एकदा करून बघायला घेतं. कळण्याचं पीठ आदल्या दिवशी दळा. बाजरी आणणार असाल तर दाणेच आणा, तिचं पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं आणि नाव तुमचं जातं. पाकिटावर वजन, दळल्याची तारीख, घटक, किंमत आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक हवा. शिकलेलं गिऱ्हाईक आता तो बघतं. प्रत्येक पाकिटासोबत हाताएवढी चिठ्ठी द्या: पाणी किती कोमट, किती वेळ मळायचं, पीठ किती दिवसांत संपवायचं. खाली गटाचा फोन नंबर.

आणि एक वही ठेवा. जो चव घेऊन नुसताच पुढे जातो त्याला नाव, गाव आणि काय विचारलं ते लिहायला सांगा. धरणगावच्या त्या गटाच्या वहीत दोन दिवसांत एकशे दहा नावं झाली होती. महिनाभरात त्यातल्या साठ-सत्तर घरांनी फोन करून पीठ मागवलं. हा माल प्रदर्शनाच्या हिशोबात कुठेच दिसला नव्हता. तुमचे गेल्या वर्षीचे चार दिवस तोट्यात गेले असं तुम्हाला वाटतं, पण किती माणसांनी तुम्हाला प्रश्न विचारले ते तुम्ही लिहून ठेवलं नव्हतं.

तारीख नक्की झाली की पाकिटावरचा मजकूर छापायच्या आधी माझ्याकडे घेऊन या, सोबत थोडं पीठही आणा. लाडवाच्या पाटीवर काय लिहायचं ते बसून ठरवू.